जर्मन येतं, आता गेर्मानिस्टिक करायचंय? नव्यानं येणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "मुलीला जर्मनमध्ये अठ्ठ्याण्णव पडलेत, आता जर्मनच करायचं म्हणते. पुढं काय असतं त्यात?" पुण्या-मुंबईकडं अकरावीला जर्मन घेणारी मुलं भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी 'स्कोअरिंग' म्हणून घेतात हे उघड गुपित आहे. त्या अठ्ठ्याण्णवांचं मला कौतुकच आहे. पण 'माझं कुटुंब' यावर दहा ओळी लिहिणं एक, आणि विद्यापीठात बसून आठशे वर्षांपूर्वीच्या महाकाव्यातल्या एका शब्दावर दीड तास वाद घालणं दुसरं. जर्मनीत या दुसऱ्या गोष्टीला 'गेर्मानिस्टिक' म्हणतात. ती भाषेचा क्लास नाही. भाषा येते असं धरूनच ती सुरू होते.

आधी स्वतःला विचारा: नक्की काय हवंय?

कंपनीत जर्मन ग्राहकांशी बोलायची नोकरी हवी असेल तर एम.ए.च्या वाटेला जाऊ नका. बी२ किंवा सी१ पातळीचं प्रमाणपत्र घ्या (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात), सोबत हिशेब, इंजिनिअरिंग, संगणक असं काहीतरी ठेवा. चाकणच्या पट्ट्यातल्या मोटार कंपन्यांना कवितेचं रसग्रहण नको असतं. हे मी तुच्छतेनं म्हणत नाही. त्या नोकऱ्या चांगल्या असतात आणि पगार बहुतेक आमच्यापेक्षा बरा असतो.

साहित्य वाचायचं असेल, भाषा आतून कशी चालते याचं कुतूहल असेल, किंवा अनुवाद करायचा असेल, तर मात्र पुढचं वाचा. आणि 'जर्मनिक' म्हणजे फक्त जर्मन नव्हे, हेही आत्ताच लक्षात ठेवा. इंग्रजी, डच, फ्रिशियन, यिडिश, आफ्रिकान्स या पश्चिमेकडच्या बहिणी. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक, फारोईज या उत्तरेकडच्या. पूर्वेकडची गॉथिक वारली, पण जाताना बायबलचा अनुवाद ठेवून गेली. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं तो केला, आणि त्याची चंदेरी अक्षरांची पोथी आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. जर्मन विद्यापीठांत यांतल्या बऱ्याच भाषांना वेगळे विभाग असतात. डचसाठी म्युन्स्टर, यिडिशसाठी ट्रियर आणि ड्युसेलडॉर्फ, फ्रिशियनसाठी कील. मुख्य विषय जर्मन ठेवून जोडविषय म्हणून यातली एखादी घेता येते. मी डच घेतलं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, ही जर्मनच आहे, फक्त तोंडात बटाटा ठेवून बोललेली. महिन्याभरात माझा गर्व उतरला.

इथं असताना पाया घाला

पुण्यात दोन जुनी ठिकाणं आहेत. एक बोट क्लब रोडवरचं मॅक्सम्युलर भवन, दुसरं फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. भवनात ए१, ए२ अशा युरोपीय पातळ्यांनी अभ्यासक्रम चालतो आणि परदेशात मान्य असलेल्या परीक्षा देता येतात. रानडेत सर्टिफिकेट, डिप्लोमा अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि पुढं एम.ए. आहे. मुंबई विद्यापीठात जर्मन विभाग आहे. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. जेएनयूत बारावीनंतर थेट जर्मनची ऑनर्स पदवी करता येते, प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. घरापासून लांब जायला परवानगी मिळत असेल तर हा रस्ता मला सगळ्यांत सरळ वाटतो.

आता मराठी माणसाच्या फायद्याचं बोलू, कारण हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. तिथं सगळं इंग्रजीतून समजावतात, आणि इंग्रजी या कामी फारशी उपयोगी नाही. आपल्याकडं तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन आहेत. हिंदीवाल्यांना दोनच, इंग्रजीवाल्यांना धड एकही नाही. जर्मनमध्ये 'मेडशन' म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी असते, यावर जगभर विनोद होतात. आपण कशाला हसायचं? शब्दाच्या शेवटचा 'शन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपलं वासरू, कोकरू, पिल्लू, पोरगं काय वेगळं आहे? गोव्याकडच्या कोकणीत तर 'चेडूं' नपुंसकलिंगीच. 'सूर्य' स्त्रीलिंगी आणि 'चंद्र' पुल्लिंगी, एवढं मात्र पाठ करावं लागतं.

वाक्यरचनेचंही तसंच. 'वाइल इश हॉयटं निश्ट कोमं' हे शब्दाला शब्द लावून वाचा: कारण, मी, आज, नाही, येत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रज विद्यार्थी रडतात, आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच असतं. लांबलचक जोडशब्द दिसला की घाबरू नका. शाळेत समासाचा विग्रह केलाय ना, तोच करा, शेवटच्या पदापासून मागं या.

आणि 'डॉख'. या एका शब्दावर व्याकरणाच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. "तू जेवला नाहीस?" "डॉख!" म्हणजे? "जेवलो की!" झालं. तो 'की' इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'डॉख' अवघड जातो. 'कोम माल' म्हणजे 'ये बरं', 'ये जरा'. बोलण्यात पेरलेल्या या छोट्या अव्ययांचा स्वभाव ज्याला मराठीतून कळतो, त्याचं जर्मन लवकर जिवंत होतं. वहीत एक पान यासाठी राखून ठेवा आणि समोर मराठीच लिहा, इंग्रजी नको.

पदवीच्या पातळीवर साहित्य वाचायला सी१ हवं. बी१ वर असतानाच मूळ पुस्तकाला हात घाला. रेक्लाम प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या पिवळ्या पुस्तिका मिळवा. ही मालिका १८६७ पासून चालू आहे, पहिला क्रमांक गोएथंच्या 'फाउस्ट'चा. सुरुवात 'फाउस्ट'नं करू नका, एवढी विनंती. छोट्या गोष्टी घ्या, पेन्सिल घेऊन वाचा, पानाला पाचच शब्द शोधायचे, बाकीचे अंदाजानं सोडायचे.

विषयाच्या आत काय असतं

साधारणपणे तीन दालनं असतात: अर्वाचीन साहित्य, मध्ययुगीन भाषा-साहित्य आणि भाषाविज्ञान. पहिल्याबद्दल फार सांगत नाही, ते ओळखीचं वाटेल. सोळाव्या-सतराव्या शतकापासून आजपर्यंतचं साहित्य, आणि ते वाचायच्या निरनिराळ्या पद्धती.

दुसऱ्या दालनाला मुलं घाबरतात. 'निबेलुंगनलीड' हे महाकाव्य साधारण १२०० च्या सुमाराचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या नव्वदेक वर्षं आधीचं. आजच्या जर्मन मुलालाही ते वाचताना कोश लागतो, त्यामुळं वर्गात तुम्ही आणि तो पहिल्यांदाच एका पातळीवर येता. याचा फायदा घ्या. इथं धोका नव्या शब्दांचा नसतो, ओळखीच्या शब्दांचा असतो. आज 'होख्त्साइट' म्हणजे लग्न, तेव्हा कुठलाही मोठा सण-सोहळा. 'फ्राउ' आज कुठलीही बाई, तेव्हा 'फ्रोवं' म्हणजे खानदानी मालकीण. साधी बाई म्हणजे 'वीप', आणि तोच शब्द आज 'वाइप' होऊन तुच्छतेचा झालाय. ज्ञानेश्वरी टीपांसकट वाचायची सवय असलेल्याला ही कसरत नवी नाही.

तिसऱ्या दालनात मात्र आपण घरचेच. याकोब ग्रिमनं, परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरल्यानं, १८२२ मध्ये आपल्या व्याकरणात व्यंजनांच्या सरकण्याचे नियम मांडले. संस्कृत आणि जर्मन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या 'प'चा जर्मनिक भाषांत 'फ' झाला, 'द'चा 'ट', 'त'चा 'थ'. दक्षिणेकडच्या जर्मननं पुढं आणखी एक पाऊल टाकलं. संस्कृत, इंग्रजी, जर्मन असं ओळीनं म्हणून बघा: दंत, टूथ, त्सान. दश, टेन, त्सेन. पद, फूट, फूस. त्रि, थ्री, द्राय. आमच्या वर्गात हे फळ्यावर आलं तेव्हा बाकीचे संस्कृतचा रकाना पाठ करत होते आणि मी तो न बघता भरत होते. सबंध शिक्षणात एवढा आराम मला पुन्हा मिळाला नाही.

पण नियमाला अपवाद होते आणि त्यांची उकल तर आणखी गंमतीची. पितर्, मातर्, भ्रातर्, तिन्हींत 'त' आहे. जर्मनमध्ये फाटर, मुटर, पण ब्रूडर. दोघांत 'ट' आणि भावातच 'ड' का? कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकानं १८७७ मध्ये छापलेल्या लेखात याचं उत्तर दिलं, आणि ते वेदांच्या स्वरांत सापडलं. वैदिक उच्चारात 'पिता' आणि 'माता' यांचा उदात्त, म्हणजे आघात, शेवटच्या अक्षरावर, 'भ्राता'चा पहिल्या अक्षरावर. व्यंजनाच्या लगेच आधी आघात असेल तर एक निकाल, नसेल तर दुसरा. जर्मन लोक तो आघात शतकांपूर्वी विसरले होते. ऋग्वेद म्हणणाऱ्यांनी तो सांभाळला होता, म्हणून जर्मन भावाचं कोडं सुटलं. मात्र इंग्रजी फादर-ब्रदर बघून गोंधळू नका, इंग्रजी फादरमधला उच्चार नंतरच्या काळात बदलला आहे.

तेव्हा शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ते विसरू नका. घेतलं नसेल तर शब्दरूपं आणि धातूंची तोंडओळख तरी करून घ्या.

अनुवादाकडं जायचं असेल तर

इथं बहुतेकांचा समज उलटा असतो. अनुवादक व्हायचं तर जर्मन उत्तम हवं, हे खरंच. पण अनुवाद उतरतो तो मराठीत, आणि तिथं मराठी लंगडी असेल तर काही इलाज नाही. 'वीर' म्हणजे आम्ही की आपण? जर्मनला ठरवावं लागत नाही, मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: ऐकणारा त्यात धरला की नाही? 'डू' आणि 'झी' एवढ्या दोन पातळ्या तिकडं, आपल्याकडं तू, तुम्ही, आपण. कादंबरीतली सून सासूला काय म्हणेल हे कोश सांगत नाही. 'ओंकल' म्हणजे काका, मामा, मावसोबा की आत्याचे यजमान? कधीकधी दोनशे पानं वाचल्यावर कळतं की तो आईचा भाऊ होता, आणि मग पहिल्या पानापासून दुरुस्त करत यायचं.

वर्गात सिद्धांत शिकवतात तेव्हा झोप येते, हे मान्य. पण तीन नावं लक्षात ठेवा. श्लायरमाखर यांनी १८१३ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात विचारलं की वाचकाला लेखकाकडं न्यायचं की लेखकाला वाचकाकडं आणायचं. आणि काटारीना राइस व हान्स फेर्मेर यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडलं की अनुवाद कसा असावा हे त्याचं प्रयोजन ठरवतं. याला 'स्कोपोस' सिद्धांत म्हणतात. शब्द ग्रीक असला तरी उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. जॉन गे यांची इंग्रजी संगीतिका १७२८ ची. तिचा एलिझाबेथ हाउप्टमान यांनी केलेला जर्मन अनुवाद हाताशी घेऊन ब्रेश्ट यांनी १९२८ मध्ये 'थ्री पेनी ऑपेरा' उभा केला, आणि पु. ल. देशपांड्यांनी १९७८ मध्ये त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. ऑपेराचा तमाशा हा शब्दाला शब्द नव्हे, पण प्रयोजनाला प्रयोजन आहे. परीक्षेत हे उदाहरण लिहिलंत तर तपासणारा जागा होतो.

जर्मन साहित्यातलं बरंचसं मराठीत आलं ते इंग्रजीच्या वाटेनं. थेट मूळातून आणणारे हात कमी आहेत, तुमच्यासाठी जागा तिथंच आहे.

जर्मनीत अनुवादाचं शिक्षण वेगळ्या विभागांत असतं: माइन्स विद्यापीठाचा गेर्मर्सहाइमचा विभाग, हायडेलबर्ग, लाइपझिग, ऑस्ट्रियात व्हिएन्ना. गेर्मर्सहाइमच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, इतर ठिकाणीही धरून चालू नका. आपल्याकडची मुलं सहसा जर्मन-इंग्रजी जोडी घेऊन जातात आणि मराठीचा सराव स्वतःच्या हिमतीवर करतात. साहित्यानुवादात रस असेल तर श्ट्रालेन या गावाचं नाव लिहून ठेवा. तिथं १९७८ पासून अनुवादकांसाठी निवासी केंद्र आहे. शिकत असताना नाही, पण पुढं हातात पुस्तकाचं काम आलं की तिथं राहायला अर्ज करता येतो.

पैशाचं एक वाक्य. जर्मनीत तांत्रिक अनुवादाचा हिशेब ५५ ठोक्यांच्या (म्हणजे टंकलेली अक्षरं आणि मधल्या जागा) ओळीवर होतो, साहित्याचा ६० ठोक्यांच्या ३० ओळी असलेल्या पानावर. आपल्याकडं शब्दावर. साधा पत्रव्यवहार आता यंत्र करतं आणि अनुवादकाच्या वाट्याला त्यावरून हात फिरवण्याचं काम येतं, दरही तसाच पडतो. फक्त त्यावर घर चालेल असं समजून या क्षेत्रात येऊ नका. शिकवणं, दुभाष्याचं काम, नोकरी, यातलं काहीतरी सोबत लागतंच.

जर्मनीत जायचं ठरलं तर

बारावीच्या गुणपत्रिकेवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. एक तर इथं पदवीचं निदान एक वर्ष नीट पूर्ण करा, नाहीतर तिकडं श्टुडिएनकोलेगमध्ये तयारीचं वर्ष करून परीक्षा द्या. गेर्मानिस्टिकसाठी त्यातला 'जी' वर्ग असतो. माझं मत विचाराल तर इथंच जर्मनमध्ये बी.ए. करा आणि एम.ए.ला जा. वय थोडं वाढलेलं असतं, स्वयंपाक येत असतो, खर्चही कमी वर्षांचा होतो. मात्र बी.ए. दुसऱ्याच विषयात असेल तर गेर्मानिस्टिकच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी नाकारतात. त्यांना परकीय भाषा म्हणून जर्मन शिकवण्याचा अभ्यासक्रम, जसा लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये आहे, त्याच्या अटी तपासून बघायला हरकत नाही.

भाषेचा पुरावा म्हणून डीएसएच-२ (ही भाषापरीक्षा जर्मन विद्यापीठं घेतात), किंवा टेस्टडाफ या परीक्षेच्या चारही भागांत ४, किंवा मॅक्सम्युलर भवनातली गोएथं सी२ परीक्षा चालते. गेर्मानिस्टिकला काही विद्यापीठं यापेक्षा वरचं मागतात, तेव्हा विभागाच्या पानावरचा बारीक अक्षरातला मजकूर वाचा.

कागदपत्रांत पहिलं काम एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून घेण्याचं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून या पडताळणीचा दाखला व्हिसासाठी लागतो. फी १८,००० रुपये, आणि महिने जातात. हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, आणि तुमची शेवटच्या सत्राची गुणपत्रिका जुलैत हातात येईलच असं नाही. म्हणून एपीएस आदल्या हिवाळ्यातच सुरू करा.

शिक्षण बहुतेक सरकारी विद्यापीठांत फुकट, सत्राला शंभर ते साडेतीनशे युरोंची वर्गणी द्यावी लागते. अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. तिथं युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे, आणि हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं. व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. नोकरी वर्षातून १४० पूर्ण दिवस करता येते, पण ती मिळेलच असं धरून घरच्यांना आकडे सांगू नका. डाआड, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्था, हिच्या शिष्यवृत्त्या बघा. उन्हाळी भाषा-अभ्यासक्रमासाठीही शिष्यवृत्ती असते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना महिनाभर जाऊन आलात तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पहिलं सत्र

वेळापत्रकात '१० सी.टी.' लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. '१० एस.टी.' असेल तर ठरल्या मिनिटाला. आपल्या एस.टी.शी याचा काही संबंध नाही, उलटच आहे. तास संपल्यावर सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात, ती शाबासकी असते, बाक मोडत नाहीत. वर्गात बोला. चुकीचं जर्मन बोललं तरी चालतं, गप्प बसणं मात्र तयारी न केल्याची खूण समजतात.

खरी परीक्षा हाउसआर्बाइटची. सत्राचे तास संपतात, सगळ्यांना सुट्टी लागल्यासारखं वाटतं, आणि तेव्हाच पंधरा पानांचा निबंध लिहायचा असतो. माझा पहिला निबंध म्हणजे लेखकाचा परिचय, कथानक, पात्रं, शैली, निष्कर्ष. आपल्याकडं याच मापात पैकीच्या पैकी पडतात. परत आला तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीनं एक शब्द होता: 'फ्रागंश्टेलुंग?' तुमचा प्रश्न काय आहे? चौदा पानं लिहिली होती आणि प्रश्न नव्हता. पुन्हा लिहून द्यावा लागला.

दुसऱ्या वेळी मी 'डॉख' आणि आपला 'की' घेतला. एका नाटकातल्या संवादांत 'डॉख' कुठं कुठं येतो आणि मराठीत तो दरवेळी 'की'च का होत नाही, एवढाच प्रश्न. तो मी आधी एका कागदावर चार ओळींत लिहिला आणि बाईंच्या श्प्रेखश्टुंडंला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या तासाला, घेऊन गेले. त्यांनी अर्ध्या ओळीवर काट मारली आणि दोन लेखांची नावं दिली. प्रत्येक प्राध्यापकाचा असा तास आठवड्यातून एकदा असतो. लिहायला बसायच्या आधी जा, लिहून झाल्यावर नको. दारावर यादी लावलेली असते, नाहीतर ईमेलनं वेळ घ्यावी लागते. नाव लवकर घाला, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत येते.